‘आम्ही’ या शब्दापायी

(दृश्य : काळोख. टाइपरायटरची टकटक. हळूहळू कागद दिसू लागतो.)

साल १९७५. अमेरिकेतलं मिशिगन स्टेट विद्यापीठ. जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाचा पेपर टाइप होऊन तयार आहे. विषय, हेलियम-३ च्या अणूंची आपसातली अदलाबदल. पाठवायचाय ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या जर्नलला, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला. त्याआधी त्यांनी तो एका सहकाऱ्याला वाचायला दिला. सहकाऱ्याने बोट ठेवलं ते भलत्याच ठिकाणी. लेखक एकटा, आणि पेपरभर ‘आम्ही’. आम्ही असं गृहीत धरतो, आम्हाला असं आढळलं. या जर्नलला एकट्याचं ‘आम्ही’ चालत नाही, पेपर परत येईल, असं त्याने बजावलं.

मराठीत हा बखेडा झालाच नसता. आपल्याकडे घरात एकटा असलेला माणूसही ‘आमचं जेवण झालं’ म्हणतो.

आज हे दोन मिनिटांचं काम आहे. शब्द शोधायचा, बदलायचा, सेव्ह करायचं. तेव्हा सगळा पेपर पुन्हा टाइप करावा लागला असता. हेदरिंग्टन यांनी ‘आम्ही’ तसंच ठेवलं आणि एका लेखकाचे दोन केले. दुसरे लेखक, एफ. डी. सी. विलार्ड. एफ. डी. म्हणजे फेलिस डोमेस्टिकस, सी. म्हणजे चेस्टर आणि विलार्ड हे चेस्टरच्या वडिलांचं नाव. चेस्टर हा हेदरिंग्टन यांच्या घरचा सयामी बोका. पेपर त्याच वर्षी नोव्हेंबरात छापून आला.

(दृश्य : लॅपटॉपचा उजेड, शेजारी गार झालेला चहा.)

माझा पहिला पेपर बेडकांवर होता. सह्याद्रीतल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, दोन पावसाळे काढून केलेली मोजणी. रविवारी रात्री पाठवला, मंगळवारी सकाळी परत आला. ओळींना क्रमांक नव्हते आणि आकृत्या वर्डच्या फाइलमध्येच चिकटवलेल्या होत्या. मी वैतागून म्हटलं, ‘सर, पण त्यातलं विज्ञान बरोबर आहे ना?’ सर म्हणाले, ‘ते अजून कुणी वाचलंच नाहीये.’

‘लेखकांसाठी सूचना’ नावाचं पान प्रत्येक जर्नल देतं आणि बहुतेक जण ते सगळ्यात शेवटी उघडतात. मीही. तिथले सगळे नियम सारखे शहाणे नसतात. ओळींच्या क्रमांकांवर मी चिडलो होतो, पण पुढे रिव्ह्यूअरचा, म्हणजे जर्नलने पेपर तपासायला दिलेल्या तज्ज्ञाचा, शेरा आला, ‘ओळ २१४, हा आकडा तक्ता दोनशी जुळत नाही’, आणि मला ती ओळ पाच सेकंदांत सापडली. आकडा खरंच जुळत नव्हता. दोन ओळींत दुप्पट अंतर सोडायचा नियम मात्र निव्वळ जुनी सवय. पूर्वी संपादक त्या मोकळ्या जागेत पेनाने दुरुस्त्या करत. पेन गेलं, जागा राहिली.

(दृश्य : जुन्या छापील पानावर दुहेरी सर्पिलाची रेखाकृती.)

आकृत्यांपाशी जरा थांबू. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा पेपर आला. जेमतेम एका पानाहून थोडा मोठा. टाइप केला वॉटसन यांची बहीण एलिझाबेथ हिने. आकृती एकच, तीही क्रिक यांच्या चित्रकार पत्नी ओडील यांनी काढलेली. दोन फिती एकमेकींभोवती वळत गेलेल्या, मधे आडव्या कांड्या. आणि खालच्या कॅप्शनचं पहिलंच वाक्य बजावतं की ही आकृती निव्वळ कल्पना येण्यापुरती आहे. मग फिती म्हणजे काय, कांड्या म्हणजे काय, मधली उभी रेघ कशाची, एवढं सांगून कॅप्शन संपते. मूळ मजकूर न वाचताही चित्र कळतं, आणि चित्रात आहे त्याहून जास्त काही सिद्ध झाल्याचा आव ती आणत नाही. कॅप्शन कशी लिहावी, असं कुणी विचारलं की मी हे पान दाखवतो.

माझ्या आकृती तीनमध्ये बेडकाचा फोटो होता, नुसताच. तीन सेंटिमीटरचा जीव, कॉलमभर मोठा केला की म्हशीएवढाही वाटू शकतो. म्हणून कोपऱ्यात एक पांढरी आडवी रेघ टाकायची आणि ती किती मिलिमीटरची ते लिहायचं. शेजारी मोजपट्टी ठेवूनच फोटो काढला असेल तर हे जमतं, नाहीतर पुढच्या पावसाळ्याची वाट बघायची. मग रिझोल्युशन. जर्नलच्या एका कॉलमची रुंदी साधारण साडेआठ सेंटिमीटर. ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचात ३०० ठिपके, हवं म्हणजे तेवढ्या रुंदीत हजारएक पिक्सेल. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तेवढा भरतोही, पण वाटेत तो दाबला गेलेला असतो. जवळून बघितलं तर पाठीवरचे जे फोड दाखवायला फोटो घेतला, तेच पुसट झालेले. मूळ फाइल मित्राच्या मेमरी कार्डावर होती, आणि मित्र गावी.

(दृश्य : एक्सेलचा तक्ता. एका चौकटीत अक्षरं पडतात आणि आपोआप तारीख होते.)

तक्ते बिचारे दिसायला साधे असतात. माणसात ‘मार्च१’ नावाचं एक जनुक होतं. एक्सेलमध्ये ते नाव टाकलं की एक्सेल त्याची करून टाकी १ मार्च. ‘सेप्ट१’ची व्हायची १ सप्टेंबर. कुणाला पत्ता नाही, आणि तक्ता तसाच पेपरसोबत छापला जाई. २०१६ साली काही संशोधकांनी जनुकशास्त्रातल्या नावाजलेल्या जर्नलांचे पेपर तपासले. ज्यांच्या सोबत एक्सेलमधली जनुकांची यादी होती, त्यांतल्या जवळजवळ पाचांतल्या एका पेपरात असल्या चुका निघाल्या. शेवटी हार मानली ती जीवशास्त्राने. २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नियमच बदलले. ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ झालं, ‘सेप्ट१’चं ‘सेप्टिन१’. त्या आपोआप बदलाला नकार द्यायची सोय एक्सेलमध्ये आली, तोवर २०२३ उजाडलं होतं.

उलटं उदाहरणही आहे. १९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्या हाती त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. खिळ्यांची जुळणी जाऊन फोटो-टाइपसेटिंग आलं होतं, आणि पानं त्यांना बघवेनात. दुसरा कुणी प्रकाशकाशी भांडला असता. यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्रामच लिहायला घेतला. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता, दहाएक वर्षं गेली. तो प्रोग्राम म्हणजे ‘टेक’. गणित-भौतिकशास्त्राची पोरं आज ज्यात पेपर लिहितात ते ‘लाटेक’ त्याच्यावरच उभं आहे. प्रत्येक दुरुस्तीगणिक ‘टेक’च्या आवृत्तीचा क्रमांक गणितातल्या ‘पाय’च्या (३.१४१५…) किमतीकडे एक अंक सरकतो.

(दृश्य : पेपरच्या शेवटी लांबलचक संदर्भसूची. कर्सर लुकलुकतोय.)

संदर्भसूचीत प्रत्येक जर्नलचा स्वल्पविराम वेगळा. १९७८ साली काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले ते याच भानगडीवर तोडगा काढायला. संदर्भांना १, २, ३ असे क्रमांक देण्याच्या पद्धतीला अजूनही त्या शहराचं नाव आहे. त्याच गटाची पुढे समिती झाली आणि लेखक कुणाला म्हणायचं हेही ती सांगू लागली. कामात भरीव वाटा हवा, लिहिण्यात किंवा दुरुस्तीत सहभाग हवा, अंतिम मसुद्याला संमती हवी आणि उद्या काही चुकीचं निघालं तर उत्तर द्यायची तयारी हवी. चारही अटी एकाच माणसात. २०२३ मध्ये समितीने त्यात भर घातली की चॅटजीपीटीसारख्या साधनाला लेखक करता येणार नाही, कारण चुकीचा जाब त्याला विचारता येत नाही.

माझ्या पेपरात आधी पाच नावं होती. पाचवं नाव ज्यांचं, त्यांनी सड्यावर पाऊलही टाकलं नव्हतं. त्या चार अटी मी टेबलावर ठेवल्या आणि ते आपणहून आभारात गेले. पुढचे दोन महिने बोलले नाहीत.

(दृश्य : पुन्हा टाइपरायटर. आता त्यात कागद नाही.)

चेस्टर आज पहिल्याच अटीला अडकला असता. तेव्हा मात्र त्याचं नाव बरंच फिरलं. एकदा विद्यापीठात आलेल्या पाहुण्याला हेदरिंग्टन भेटले नाहीत, तर त्याने विचारलं, मग विलार्ड यांना भेटता येईल का? भेद फुटला तेव्हा हशा झाला. हेदरिंग्टन यांनी नंतर त्या पेपरच्या मोजक्या प्रती सह्या करून मित्रांना पाठवल्या.

(दृश्य : प्रतीचा खालचा कोपरा, अगदी जवळून.)

पहिल्या लेखकाची सही पेनाची. तिच्या शेजारी दुसऱ्याची, शाईत बुडवलेल्या पंजाची.