आठ सांधे

मेस्त्री आधी लोहचुंबक फिरवतात. जुना मांगर, म्हणजे शेतावरची झोपडी, पाडला, त्यातला हा फणसाचा खांब. पोटात खिळा राहिला असेल, तर पटाशीची, लाकूड कोरायच्या छिन्नीची, धार गेलीच म्हणायची.

सावंतवाडी म्हटलं की चितारआळीतली रंगीत लाकडी फळं आठवतात. ती हलक्या लाकडाची. या पडवीत उलटं, जेवढं जड तेवढं बरं. पुतण्याला उभ्याने सुतारकाम करायला टेबल हवंय, आणि रंधा मारताना ते तसूभरही हलता कामा नये.

चार इंची पाय. आडवी पट्टी त्यातून आरपार जायची. म्हणजे पायात इंचभर रुंद, चार इंच खोल भोक आणि पट्टीच्या टोकाला त्यात बसणारं कुसू. खुर्चीच्या सांध्यात पटाशी जराशी तिरकी गेली तर खपून जातं. इथे एका अंशाची चूक पलीकडच्या तोंडाशी पावणेदोन मिलिमीटर होते. म्हणून मेस्त्री एकाच बाजूने आरपार जात नाहीत. गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून रेघ पलीकडच्या अंगावर नेतात, गिरमिटाने ओळीने भोकं पाडतात, मग पटाशी दोन्हीकडून आत. गाठ मध्यावर. तिथे उंचवटा राहिला तर कुसू अडतं. जरा पोकळ झालं तर कुणाला दिसत नाही. ही लबाडी चांगले सुतारही करतात.

कुसवाला करवत एका दमात चालवायची नाही. एका कोपऱ्यातून तिरकी, लाकूड फिरवून दुसऱ्या कोपऱ्यातून. पहिल्या कापाच्या वाटेने दुसरा जातो.

"रेघ रवाक व्हयी," मेस्त्री बजावतात. उरलेली रेघ पटाशीने तासता येते. खाल्लेली?

जूनमध्ये हवा ओली झाली की लाकूड आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पुढे हवा कोरडी झाली की आकसतं. दरवर्षीची ही ओढाताण नुसत्या गोंदाच्या जिवावर सोडायला मेस्त्री तयार नाहीत. खुंटीसाठी पायाला भोक पाडतात; कुसवातलं मात्र मुद्दाम दीड मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथे पट्टीतून निघतं तिकडे, सरकवतात. खुंटी ठोकली की कुसू आत ओढलं जातं. खुंटी खैराची, तीही कोयत्याने फोडून काढलेली, म्हणजे लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहतात.

टणक आवाज येतो. सांधा बसला.

अजून सात. मेस्त्री पुढचा पाय जमिनीवर आडवा टाकतात, पावलांनी दाबून धरतात आणि पाटावर बसतात. उभ्याने काम करायचं टेबल बसूनच होतंय.