घरून आलेला लॅपटॉप

[दृश्य : सकाळचा वर्ग. दप्तरांच्या चेन उघडतात. बाकांवर लॅपटॉप येतात.]

तास सुरू व्हायला अजून पाच मिनिटं आहेत. कुणाचा लॅपटॉप कोरा करकरीत आहे, कुणाचा मोठ्या भावाने वापरून खाली दिलेला. एकाच्या बिजागरीला चिकटपट्टी लावलीय. एकीची बॅटरी इतकी उतरलीय, की चार्जर काढताच स्क्रीन बंद. म्हणून तिने भिंतीजवळचा बाक धरलाय. प्लग पॉइंट तिथेच आहे.

शाळेने सांगितलंय : आपापला लॅपटॉप घेऊन या.

एका ओळीची सूचना. पण तिच्यामुळे वर्गातली वायरिंग, घरचं अंदाजपत्रक, परीक्षेची पद्धत, शेजारच्या बाकावरच्या मुलाचं लक्ष, सगळंच हलतं. यंत्र घरून आलं, म्हणून त्याच्यामागची जबाबदारीही घरी पाठवून देता येईल, असं अनेक शाळांना वाटतं. ते तसं होत नाही. का होत नाही, ते या फिल्ममध्ये बघू.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, संशोधनकेंद्रातली रेखाटनं.]

मुलांच्या हातात स्वतःचा संगणक असावा, ही कल्पना लॅपटॉप जन्मायच्या आधीची. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रातले ॲलन के यांनी ‘डायनाबुक’ नावाच्या एका यंत्राचं वर्णन लिहिलं. आकार वहीएवढा, वजन दोन किलोच्या आत. त्यांनी कल्पिलेली दोन मुलं गवतावर बसून त्यावर खेळ खेळतात, आणि खेळता खेळता त्या खेळात सूर्याचं गुरुत्वाकर्षण आणायचं ठरवतात. यंत्र हातात आलं की मुलानं त्याच्याकडून काहीतरी घडवून घ्यावं, ही त्यामागची अपेक्षा.

ती अपेक्षा शाळेत उतरली १९९० मध्ये, ऑस्ट्रेलियात. मेलबर्नच्या मेथडिस्ट लेडीज कॉलेज या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापक डेव्हिड लोडर यांनी विद्यार्थिनींकडे स्वतःचे लॅपटॉप असावेत, असा निर्णय घेतला. शाळेच्या पातळीवर जगात असं पहिल्यांदा घडलं, असं मानलं जातं. लॅपटॉप पालकांनी विकत घेतले. मुली त्यावर लोगो या भाषेत प्रोग्रॅम लिहू लागल्या.

पैसा कुणाचा, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. अमेरिकेतल्या मेन राज्याने तो वेगळ्या रीतीने सोडवला. गव्हर्नर अँगस किंग यांच्या पुढाकाराने २००२ पासून सातवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला राज्यानेच लॅपटॉप दिला. ऑस्ट्रेलियात केंद्र सरकारने २००८ पासून नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या संगणकांसाठी निधी दिला. २०१३ मध्ये तो निधी थांबला. मुलांना आणि शिक्षकांना तोवर संगणकाची सवय झाली होती. मग अनेक शाळांनी घरांकडे बघितलं : तुमचा तुम्ही आणा.

हे नीट लक्षात घ्यायला हवं. घरून लॅपटॉप आणण्याची पद्धत पुष्कळदा अध्यापनाचा विचार करून आलेली नसते, पैसे संपले म्हणून आलेली असते. त्यात गैर काही नाही. पण मग ते पालकांना स्पष्ट सांगावं.

[दृश्य : वर्गाच्या छतावरचं वायफायचं उपकरण. खाली वायरींचं जाळं, एक्स्टेंशन बोर्ड.]

आता वर्गाच्या भिंतींकडे बघा. साध्या लॅपटॉपचा चार्जर सुमारे ४५ ते ६५ वॅटचा असतो. तीस मुलांनी एकदम चार्जर लावले, तर भार दोन हजार वॅटच्या आसपास जातो. पंखा आणि दिव्यांसाठी ओढलेल्या वायरिंगवर एवढा भार टाकणं धोक्याचं, आणि पायात येणारी वायर त्याहून धोक्याची. त्यामुळे पूर्ण दिवस टिकणारी बॅटरी ही शाळेच्या यादीतली पहिली अट असायला हवी. प्रोसेसर कुठला, हे नंतर.

वायफायचंही तसंच. एका उपकरणाच्या टप्प्यातले सगळे लॅपटॉप एकच चॅनल वाटून वापरतात. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं. शिक्षकांनी सांगितलं, “सगळ्यांनी हा व्हिडिओ उघडा,” की तीसच्या तीस स्क्रीनवर एक वर्तुळ फिरत राहतं. तोच व्हिडिओ समोरच्या पडद्यावर लावला तर दहा मिनिटं वाचतात. त्यात एखाद्याचा लॅपटॉप नेमका तासाच्या सुरुवातीला अपडेट घ्यायला बसतो. तो मुलगा काहीही न करता मागे पडतो.

आणि प्रत्येकाचं यंत्र वेगळं. “वरच्या कोपऱ्यातल्या बटणावर क्लिक करा,” असं म्हणावं, तर ते बटण अर्ध्या वर्गाच्या स्क्रीनवर दुसरीकडेच असतं. म्हणून अनुभवी शिक्षक वर्गातलं बहुतेक काम ब्राउझरमध्ये चालेल असंच निवडतात. ब्राउझर सगळीकडे बराचसा सारखा वागतो, आणि त्याला महागडा लॅपटॉप लागत नाही. एखादी शाळा भारी यंत्राचा आग्रह धरत असेल, तर कुठल्या विषयाच्या कुठल्या कामासाठी ते लागणार, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय आराखडे शिकवायचे असतील, तर उत्तर समजण्यासारखं आहे. निबंध लिहायला ते लागत नाही.

[दृश्य : मागच्या बाकावरून दिसणाऱ्या स्क्रीन. एकीवर धडा, दुसरीवर खेळ.]

आणि ही सगळ्यांच्या मनातली भीती. लॅपटॉप उघडला की मूल शिकेल, की भटकेल?

पंधरा वर्षांच्या मुलांची जगभर होणारी पिसा चाचणी २०२२ मध्ये झाली. विकसित देशांच्या ओईसीडी गटात सरासरी ६५ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं, की गणिताच्या निदान काही तासांना तरी आपलं लक्ष आपल्याच डिजिटल उपकरणामुळे उडतं. आणि ५९ टक्के म्हणाले, दुसऱ्याच्या उपकरणामुळे उडतं.

हा दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना अशा जागी बसवलं, की पुढच्याच्या लॅपटॉपवर चाललेले भलते उद्योग त्यांना दिसत राहावेत. व्याख्यानानंतरच्या चाचणीत त्यांना इतरांपेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. त्यांच्या स्वतःच्या हातात वही-पेन होतं! त्यांनी काहीच चुकीचं केलेलं नव्हतं. ज्याचा लॅपटॉप, त्याचं नुकसान, असं म्हणून शाळेला हात झटकता येत नाहीत, ते यामुळेच.

पण त्याच पिसा चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. शाळेत रोज एक तासापर्यंत शिकण्यासाठी डिजिटल साधनं वापरणाऱ्यांचे गणितातले गुण, अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ नी जास्त होते, आणि हा फरक घरची आर्थिक-सामाजिक परिस्थिती हिशेबात धरूनही राहिला. त्यामुळेच गुण वाढले, असं यावरून सिद्ध होत नाही. तरीही ‘लॅपटॉप म्हणजे नुकसान’ हे सरधोपट विधान इथे अडखळतं.

नुसतं यंत्र दिल्यानं काय होतं, हे पेरूने दाखवून दिलं. तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलांना स्वस्त लॅपटॉप वाटले गेले. २०१२ मध्ये ३१९ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं संगणक जास्त वापरू लागली होती, पण गणित आणि भाषेच्या गुणांत सुधारणा आढळली नाही. बहुतेक ठिकाणी इंटरनेट नव्हतं, आणि शिक्षकांना त्यांच्या धड्यात हे यंत्र कुठे बसवायचं, याची फारशी मदत मिळाली नव्हती.

[दृश्य : भौतिकशास्त्राचा तास. दोन मुली चेंडू सोडतात, तिसरी मोबाइलवर चित्रण करते.]

म्हणून आता चांगला चाललेला एक तास बघू. विषय : मुक्तपणे खाली पडणारी वस्तू. आधी लॅपटॉप बंद. प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा : चेंडू सारख्याच वेगाने पडेल, की वेग वाढत जाईल? मग चित्रण. मग लॅपटॉप उघडायचे. ट्रॅकर नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात व्हिडिओची एकेक फ्रेम पुढे सरकवत चेंडूच्या जागेवर खूण करायची. सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे दोन खुणांमध्ये एक तीसांश सेकंद. खुणांमधलं अंतर वाढत जाताना डोळ्यांना दिसतं. आलेख निघतो, त्यातून त्वरण निघतं.

एका गटाला ९.५ मिळतं, दुसऱ्याला १०.२. पुस्तकात तर ९.८ लिहिलंय. पुन्हा लॅपटॉप बंद. आता वाद सुरू : कॅमेरा तिरका होता का? अंतर मोजायला ठेवलेली पट्टी चेंडूच्या मागे होती का? हा वाद म्हणजेच विज्ञान, आणि तो स्क्रीनवर घडत नाही. पण प्रत्येक गटाकडे स्वतःचं चित्रण आणि स्वतःचा आकडा नसता, तर वाद घालायला काही उरलंच नसतं. संध्याकाळी घरी तीच फाइल उघडून एखादी मुलगी खुणा पुन्हा करते. शाळेच्या संगणककक्षात हे जमत नाही, कारण तास संपला की दार बंद होतं.

या तासात लॅपटॉप निम्मा वेळ मिटलेला होता. कधी मिटायचा, हे शिक्षकांनी ठरवलं होतं. माझ्या मते सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे.

स्वतःच्या यंत्राची खरी किंमत कळते ती एखाद्या अंध विद्यार्थ्याला. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभं केलेलं, मोफत मिळणारं. आवाज कुठला, वाचनाचा वेग किती, शॉर्टकट कुठले, हे सगळं त्याने आपल्या कानाला आणि बोटांना बसेल असं लावलेलं असतं. शाळेच्या दर वेळी बदलणाऱ्या संगणकावर ती मांडणी दर वेळी नव्याने करावी लागली असती. ज्याला बारीक अक्षरं दिसत नाहीत, ज्याला हाताने लिहिणं जड जातं, त्यांचंही तेच.

[दृश्य : परीक्षेचं सभागृह. ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलापर्यंत एक केबल.]

वर्गात ठीक आहे, पण परीक्षेत? तीच प्रश्नपत्रिका, पण यंत्र प्रत्येकाचं वेगळं?

फिनलंडने हे करून दाखवलं. उच्च माध्यमिक शाळेच्या शेवटी होणारी तिथली राष्ट्रीय परीक्षा २०१६ च्या शरद सत्रापासून टप्प्याटप्प्याने संगणकावर गेली. जर्मन, भूगोल आणि तत्त्वज्ञान आधी. गणित सर्वांत शेवटी, २०१९ च्या वसंतात. विद्यार्थी आपलाच लॅपटॉप घेऊन यायचे. मात्र तो सुरू व्हायचा परीक्षा मंडळाच्या यूएसबी स्टिकवरून. त्या स्टिकवर लिनक्सवर बेतलेली स्वतंत्र प्रणाली. आतल्या हार्ड डिस्कवरच्या नोट्स, फोटो, खेळ, कशालाच हात लागायचा नाही. सभागृहातलं नेटवर्क तेवढ्यापुरतं, बाहेरच्या इंटरनेटचा संबंध नाही. उत्तरं तिथल्याच सर्व्हरवर साठायची.

यातली समज मला फार मोलाची वाटते. मुलाच्या खासगी वस्तूत न शिरता तिची काही तासांपुरती परीक्षेची पाटी केली. आणि ही प्रणाली शाळांना सरावासाठी आधीपासून मोकळी करून दिली होती, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी ती कुणालाच नवी नव्हती.

याच्या उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळा विभागाने विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. हरवलेलं यंत्र शोधण्यासाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरने मुलं घरी असतानाही वेबकॅमने फोटो काढले, हे २०१० मध्ये उघड झालं. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि विभागाने सहा लाख दहा हजार डॉलर देऊन तडजोड केली. ती यंत्रं तर शाळेच्या मालकीची होती. घरून आणलेला लॅपटॉप कुटुंबाचा असतो. त्यात आईची कागदपत्रं असतील, धाकट्या बहिणीचे फोटो असतील. अशा यंत्रात देखरेखीचं सॉफ्टवेअर टाका, असं शाळा म्हणत असेल, तर ते काय बघतं, किती वेळ चालतं आणि कधी काढून टाकलं जातं, हे पालकांना लेखी मिळायला हवं.

[दृश्य : ग्रंथालयातलं एक कपाट. आत ओळीने चार्ज होणारे लॅपटॉप. ग्रंथपाल वहीत नोंद करतात.]

आणि ज्याच्या घरी लॅपटॉपच नाही, त्याचं काय? २०२० मध्ये युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी अंदाज मांडला होता : जगातल्या ३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी तेव्हा इंटरनेट नव्हतं. लॅपटॉप मिळाला, तरी त्यावरचा गृहपाठ घरी उघडेलच, असं नाही.

ज्या शाळा हे मनावर घेतात, त्या असं कपाट ठेवतात. ग्रंथालयातून पुस्तक न्यावं तसा लॅपटॉप न्यायचा, आज विसरला म्हणून असो, दुरुस्तीला दिलाय म्हणून असो, की मुळात नाहीच म्हणून. तिघांसाठी रांग एकच, आणि कारण कुणी मोठ्याने विचारत नाही. यंत्र वर्षभरासाठीही मिळतं, सुट्टीतही परत मागत नाहीत. गृहपाठ ऑफलाइन उघडेल अशा फाइलमध्ये दिला जातो. फुटलेल्या स्क्रीनचा खर्च कुणी करायचा, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेलं असतं.

तुमच्या मुलाच्या शाळेकडून ती एका ओळीची सूचना आली, तर यादीतलं मॉडेल शोधायच्या आधी शाळेत जा. हे कपाट कुठे आहे आणि त्यात किती यंत्रं आहेत, ते विचारा. तुमच्या घरी लॅपटॉप असला तरीही विचारा.