स्पेक्ट्रमच्या रिकाम्या सॉकेटांत काय भरायचं?

मंडळी, जुन्या कॉम्प्युटरची मेमरी वाढवायची म्हटलं की माणूस आधी चिप कुठे मिळतील ते शोधत सुटतो. माझं म्हणणं, आधी मल्टिमीटर काढा. आज मी एकच यंत्र घेतो: सिंक्लेअर कंपनीचं झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर, तेही १६केवालं, म्हणजे १६ किलोबाइट मेमरीचं.

एप्रिल १९८२ मध्ये हे ब्रिटनमध्ये आलं. १६के १२५ पौंडांना, ४८के १७५ पौंडांना. आत ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८०ए प्रोसेसर. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ साली परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस आणलं, ते मुळातच ४८के. तुमच्या माळ्यावर ते निघालं तर मेमरी वाढवायचा प्रश्नच नाही. व्होल्टेजचं बोलेन तेवढं मात्र कान देऊन ऐका.

हे जास्तीचे पन्नास पौंड कशाचे? वरच्या ३२केचे. आणि त्या ३२केमध्ये सिंक्लेअरची सगळी काटकसर दिसते. त्या काळी ६४ किलोबिटच्या चिप महाग होत्या, आणि कारखान्यात काहींचा अर्धा भाग नापास व्हायचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स अशा चिप ४५३२ या नावाने ३२ किलोबिटच्या म्हणून विकायची; अशा आठ मिळून वरचे ३२के. डागी आंब्याची चांगली फोड काढून घ्यावी, तसलाच प्रकार! चिपच्या नावाच्या शेवटी ३ किंवा ४ असतो, त्यावरून कुठला अर्धा भाग चांगला ते कळतं. आठही चिप एकाच जातीच्या लागतात आणि बोर्डवरची लिंक, म्हणजे जोडणीची छोटी तार, त्याप्रमाणे लावावी लागते. सात एका जातीच्या नि एक दुसऱ्या जातीची, हे चालत नाही.

आज आपण सरळ ४१६४ घालतो. ती पूर्ण ६४ किलोबिटची आणि दोन्ही अर्धे चांगले, त्यामुळे लिंक कुठल्याही बाजूला असली तरी हरकत नाही. फक्त ती कुठे तरी लावलेली हवी. इश्यू २ आणि ३ च्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीच्या, बोर्डांवर रॅमसाठी आठ रिकाम्या जागा आहेत, शिवाय चार लॉजिक चिपांच्या: दोन ७४एलएस१५७, एक ७४एलएस३२, एक ७४एलएस००. या चार विसरून नुसती रॅम भरली तर मेमरी वाढणार नाही.

आता खरा धोका. खालची १६के म्हणजे ४११६ च्या आठ चिप, आणि त्यांना तीन व्होल्टेज लागतात: पाच, बारा आणि उणे पाच. पिन १ वर उणे पाच, ८ वर बारा, ९ वर पाच, १६ वर ग्राउंड. ४१६४ ला मात्र पिन ८ वर पाचच हवेत. "उरलेली एखादी ४१६४ खालच्या १६केत घालून बघू" असं मनात आलं, तर ती बारा व्होल्टवर बसेल आणि संपेल. बारा आणि उणे पाच हे बोर्डवरच, एक कॉइल आणि टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर यांच्या जोरावर तयार होतात. उणे पाच गेले आणि बारा राहिले की ४११६ मरतात. म्हणून मी आधी मीटर म्हणतो. आधी पिन १, ८, ९ मोजा, नंतर नव्या चिपांचं पाकीट फोडा. काळा प्रोब पिन १६ वर धरा आणि हात थरथरू देऊ नका; प्रोब घसरून दोन पिना जोडल्या गेल्या की कामच वाढलं.

अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण मधली पिन निगेटिव्ह. बाजारातले बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात. आतला ७८०५ रेग्युलेटर उरलेली वीज उष्णता करून टाकतो, त्याची पत्र्याची पट्टी चांगली तापते. त्याच्या जागी छोटं स्विचिंग मॉड्यूल बसवणं मला पटतं. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदला, पण त्यांची अधिक-उणे टोकं बघून.

चित्रासाठी कॉम्पोझिट, म्हणजे टीव्हीला सरळ व्हिडिओ सिग्नल, करून घ्या. मॉड्युलेटरच्या, म्हणजे चित्र टीव्हीच्या अँटेना सिग्नलमध्ये बदलणाऱ्या, डब्यात जाणाऱ्या दोन तारा सोडवायच्या आणि व्हिडिओची तार टीव्हीच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडायची. पुढे कधी मूळचं करावंसं वाटलं तर तासाभराचं काम. एचडीएमआयसाठी केस कापणं मात्र मला अजिबात मान्य नाही. रॅम भरणं वेगळं, त्या जागा बनवणाऱ्यानेच ठेवल्यात. एसडी कार्ड वापरायचं जोडकार्ड मागच्या एज कनेक्टरवर, म्हणजे बोर्डच्या बाहेर आलेल्या कडेवर, बसतं, त्यासाठी काही उचकटावं लागत नाही. लावताना-काढताना वीज बंद असली म्हणजे झालं.

सगळं झाल्यावर बेसिक या यंत्रातल्या भाषेत टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८के झालं. ३२७६७ आलं तर यंत्र अजून स्वतःला १६केच समजतंय. सुरू होताना ते मेमरी तपासतं आणि जिथे चूक सापडेल तिथे थांबतं, तक्रार करत नाही. वरची एकच चिप खराब असली तरी पूर्ण ३२के गायब होऊ शकते. अशा वेळी आधी लिंक बघा, मग लॉजिक चिपांचे पाय वाकलेत का ते बघा, आणि तेही ठीक असेल तर रॅम एकेक करून बदलत जा. चला, आता झाकण उघडतो. ज्यांना व्होल्टेज स्वतः मोजायचंय त्यांनी पुढे या.