8000 फेरे, भंगाराच्या भावात

आधी हा आवाज ऐका. दोरीला टांगलेल्या क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरण्यात बदलणाऱ्या इंजिनाच्या दांड्यावर, हातोडीचा हलकासा ठोका, आणि घंटेसारखा लांबवर घुमत राहणारा नाद. आता हा दुसरा क्रँक. बद्द! कुठेतरी तडा गेलाय, नजरेला दिसत नाही इतका बारीक. जुना माल वाजवून घ्यावा म्हणतात, इथे तो अक्षरशः वाजवून घेतात. पहिला क्रँक आपण ठेवू. चुंबक आणि लोखंडाची भुकटी लावून त्याची आणखी एक तपासणी व्हायचीच आहे. दुसरा जिथून आणला तिथे परत.

मिनिटाला 8000 फेरे मारणारं इंजिन म्हटलं की धसकाच बसतो, परवडणार कसं? पण या जातीचं एक गाजलेलं इंजिन चक्क जुळवाजुळवीतून झालंय. अमेरिकेतल्या ट्रान्स-अॅम शर्यतींत इंजिनाला 305 घन इंचांची, म्हणजे साधारण 5 लिटरची मर्यादा होती. शेवरलेने 1967 मध्ये आपल्या 327 घन इंची इंजिनाचा 4 इंच बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा, ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) घेतला आणि त्यात धाकट्या 283 च्या मापाचा, 3 इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेचा, क्रँक बसवला. आकारमान भरलं 302. ते गेलं कॅमारो झेड/28 या गाडीत. हौशी मंडळी तर त्याआधीपासूनच 283 च्या ब्लॉकचे सिलिंडर कोरून मोठे करून जवळपास तेच साधत होती.

आखूड स्ट्रोक कशासाठी, ते बघा. 3 इंच म्हणजे 76 मिलिमीटर. 8000 फेऱ्यांना हा पिस्टन सरासरी सेकंदाला 20 मीटर वेगाने वर-खाली धावतो आणि प्रत्येक टोकाला क्षणभर थांबून उलटा फिरतो. वरच्या टोकाला अर्ध्या किलोचा पिस्टन त्याला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला पावणेदोन टनांच्या आसपास ओढ देतो. फेरे दुप्पट केले की ही ओढ चौपट होते. स्ट्रोक जितका लांब, तितकी ती आणखी वाढते.

आता गंमत बघा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटलंच नव्हतं. रॉडचा घात स्फोटाच्या धक्क्याने होत असेल असं वाटतं ना? पण तो धक्का रॉडला दाबतो, आणि दाब रॉड सहज सोसतो. कॉम्प्रेशनच्या वेळी वर कोंडलेली हवा पिस्टनला थोपवून धरते. एक्झॉस्टच्या फेरीत मात्र व्हॉल्व्ह उघडा, वर कोंडलेलं काहीच नाही. पिस्टन वरच निघालेला असतो आणि त्याला खाली खेचायला असतात रॉडचं खालचं टोक क्रँकभोवती आवळून धरणाऱ्या टोपीचे दोन बोल्ट. बोल्ट तुटतो तो बहुधा अशा वेळी, इंजिन नुसता धूर बाहेर टाकत असताना.

म्हणून ब्लॉक जुना चालेल, क्रँक जुना चालेल, रॉडसुद्धा जुने चालतील. बोल्ट नवे, आणि चांगलेच. नवे बोल्ट ठोकून बसवले की रॉडचं मोठं भोक किंचित वाकडं होतं, ते पुन्हा गोल करून घ्यायचं. हा खर्च टाळणारे भेटतात. त्यांचं इंजिन नंतर भेटत नाही.

बोल्ट आवळताना हातात मायक्रोमीटर हवा. टॉर्क पान्याचा आकडा आट्यांवरच्या तेलागणिक बदलतो, त्यामुळे बोल्ट किती ताणला गेला तेच मोजायचं. या जाडीच्या बोल्टला साधारण 0.15 मिलिमीटर. कागदाच्या दीडेक पदराइतकं.

दुसरा खर्च व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवर. क्रँकचे 8000 फेरे म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे, कॅमचे, 4000, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 67 वेळा उघडतो. स्प्रिंग मऊ पडली की व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडून अधांतरी तरंगतो, आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो.

बॅलन्सिंग, म्हणजे फिरणाऱ्या-धावणाऱ्या भागांची वजनं जुळवणं, करून घ्याच, त्यावर वेगळं काय सांगायचं. आणि कबूल करायला हवं, खालच्या फेऱ्यांत हे इंजिन आळशीच असतं. चढावर हळू जायचं असेल तर दुसरं बांधा.

शेवटची तपासणी मुलांच्या खेळण्यातल्या मातीने होते. पिस्टनच्या माथ्यावर मातीची चकती थापायची, वर तेलाचं बोट फिरवायचं, हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेलं सिलिंडरचं झाकण, तात्पुरतं आवळायचं आणि क्रँक हाताने सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवायचा. मग हेड उचलायचं. मातीत व्हॉल्व्हचा चंद्रकोरीसारखा ठसा उमटलेला असतो. ब्लेडने तो मधोमध कापून सगळ्यात पातळ जागी माप घ्यायचं. इनलेटकडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हकडे, निदान 2 मिलिमीटर माती उरायला हवी, एक्झॉस्टकडे अडीच.

एक्झॉस्ट, 2.7. ठीक.

इनलेट, 1.4. पिस्टन पुन्हा बाहेर.