२८ गिगाहर्ट्झचा सिग्नल जातो कुठे?

५जीचा एक पट्टा २८ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. इतक्या उच्च वारंवारतेच्या लहरी हवेतच विरून जातात, असं बरेच जण छातीठोक सांगतात. पण ऑक्सिजन खरा नडतो तो ६० गिगाहर्ट्झच्या आसपास. २८ ला कोरडी हवा फारसं काही खात नाही. (पाऊस, भिंती, झाडं... त्यांचं विचारूच नका.)

मग घोडं अडतं कुठे? अँटेनाच्या आकारात. ५जीच्याच खालच्या, ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर, २८ ची जेमतेम एक. लांबी आठपट कमी, म्हणून अँटेनाही लांबी-रुंदीला आठपट छोटा, आणि लहर पकडणारं क्षेत्रफळ ६४ पट कमी!

आता हा कागद बघा. साडेचार सेंटिमीटरचा चौकोन. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने मांडले, तर यात आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ अँटेना बसतात. गेलेलं सगळं वसूल. अट एकच, सगळ्यांच्या लहरी ठरल्या दिशेला एका तालात पोचल्या पाहिजेत. मग त्या दिशेला त्यांचा एक झोत तयार होतो.

झोत ३० अंश उजवीकडे वळवायचाय? डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक अँटेनाला आधीच्यापेक्षा पाव आवर्तन उशिरा सिग्नल द्या. पाव आवर्तन म्हणजे इथे ९ पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग)! मोटर नाही, काही हलत नाही, झोत मात्र वळतो. ही युक्ती ५जीची नव्हे बरं का. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउनने १९०५ मध्ये तीन अँटेना घेऊन हेच केलं होतं.

खरी डोकेदुखी पुढे आहे. झोत असतो साधारण १३ अंशांचा. फोन नेमका कुठे आहे, हे टॉवरला कसं कळणार? अंधारात टॉर्च फिरवावा तसा तो एकेका दिशेला झोत टाकत जातो. ५जीच्या या पट्ट्यात एका फेरीत जास्तीत जास्त ६४ झोत. फोन कळवतो, अमुक नंबरचा झोत बरा येतोय. तुमचं बोट फोनमधल्या अँटेनावर आलं, की पुन्हा शोधाशोध.

एकेक दिशा का? कारण ॲनालॉग पद्धतीत सगळ्या अँटेनांमागे एकच रेडिओ (सिग्नल पाठवणारं-घेणारं सर्किट) असतो. डिजिटलमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र, त्यामुळे एकाच वेळी चहूकडे बघता येतं, पण वीज आणि उष्णता झेपत नाही. म्हणून हायब्रिड: अँटेनांचे गट पाडायचे, गटाला एक रेडिओ.

आपल्याकडे २०२२ च्या लिलावात २८ च्या शेजारचा, २६ गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला. माझं मत विचाराल, तर तो फोनपेक्षा गच्चीवरच्या ब्रॉडबँडच्या डबीला जास्त मानवेल. ती जागची हलत नाही, आणि टॉवर समोर दिसेल अशी बसवता येते.