दोन वॅट आणि माथेरानचा कडा

(दृश्य: मुंबईतील एका सदनिकेतील टेबल. टेबलावर खांद्याला अडकवायच्या पट्ट्याचा, काळ्या रंगाचा जुना रेडिओ संच आहे. संच सुरू होतो आणि खोलीभर खरखर पसरते.)

दादर, परळ किंवा बोरिवलीतल्या एखाद्या सदनिकेत चाळीस वर्षांपूर्वीचा हॅम, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून संदेश देण्या-घेण्याचा, रेडिओ संच सुरू केला, तर सर्वांत आधी ऐकू येते ती शेजाऱ्यांची वीज. एलईडी दिव्यांची सर्किटे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टच्या मोटारीचा वेग सांभाळणारी यंत्रणा आणि गच्चीवरच्या सौर पॅनेलांचे इन्व्हर्टर यांतून निघणारी खरखर ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर (वारंवारतेच्या टप्प्यावर) इतकी दाट असते, की कोणी बोलत नसतानाही सिग्नल दाखवणारा काटा खाली उतरत नाही. नव्या संचांत ही खरखर काही अंशी गाळणारी डिजिटल प्रक्रिया असते. जुन्या संचांकडे तसे काहीच नाही. त्यात गच्चीवर वीस मीटरची तार ताणायची तर सोसायटीच्या सभेत विषय मांडावा लागतो. त्यामुळे चांगला चालणारा जुना संचही शहरात निकामी ठरतो आणि कपाटात जातो. हाच संच डोंगरावर नेल्यास काय घडते, हे पाहण्यासाठी आम्ही माथेरानचा पश्चिमेकडील कडा निवडला.

प्रत्येक जुना संच डोंगरावर नेण्याजोगा नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मोडीतून आलेले व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांचे) संच भारतातल्या हॅम मंडळींनी अनेक वर्षे वापरले. मात्र व्हॉल्व्हच्या फिलामेंटला एक विद्युतदाब लागतो आणि त्याच्या प्लेटला काहीशे व्होल्ट लागतात. बॅटरीवर ही सोय करायची तर दाब वाढवणारा डायनामोटर किंवा व्हायब्रेटर सोबत घ्यावा लागतो, आणि मग तो सहलीचा डबा राहत नाही, हमालाचे ओझे होते. डोंगराला खरे मानवतात ते १९७० च्या दशकातले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचे ट्रान्झिस्टरवरचे संच. आमच्या झोळीत असे दोन संच होते. पहिला याएसूचा एफटी-२९०आर, जो आठ सेलवर चालतो आणि १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सुमारे अडीच वॅट देतो. दुसरा हीथकिटचा एचडब्ल्यू-८. तो सुट्या भागांच्या स्वरूपात विकला जाई आणि विकत घेणाऱ्याने तो स्वतः डाग देऊन जोडायचा असे. त्यावर बोलता येत नाही, फक्त मोर्स, म्हणजे टिंब-रेषांचा संकेत, पाठवता येतो, आणि त्याची शक्ती दोन वॅटच्या आसपास आहे.

(दृश्य: नेरळहून चढणारी छोटी गाडी. त्यानंतर तांबड्या वाटेवरून झोळ्या घेऊन चाललेली माणसे.)

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे १९०७ पासूनची आहे, आणि खासगी मोटारींना दस्तुरी नाक्याच्या पुढे प्रवेश नाही. याचा आम्हाला दुहेरी फायदा होतो. एक तर पेट्रोलच्या इंजिनांच्या ठिणग्यांचा आवाज रेडिओत येत नाही. दुसरे म्हणजे, सामान पाठीवरून न्यायचे असल्याने अनावश्यक वस्तू आपोआप घरी राहतात. डोंगरमाथ्यांवरून संपर्क करण्याचा ‘समिट्स ऑन द एअर’ हा उपक्रम २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला, आणि त्याच्या नियमांतही मोटारीतून किंवा जनरेटरवर संच चालवण्यास मनाई आहे.

कड्याजवळ पोहोचल्यावर पहिले काम तारेचे असते. ७ मेगाहर्ट्झच्या अर्धलहरी डायपोलला, म्हणजे मध्यभागी जोडलेल्या दोन भुजांच्या तारेच्या अँटेनाला, सुमारे वीस मीटर तार लागते. दोरीला दगड बांधून ती जांभळाच्या फांदीवरून टाकायची, मधला भाग वर ओढायचा आणि दोन्ही टोके उतरती बांधायची, म्हणजे उलट्या ‘व्ही’चा आकार तयार होतो. माथेरानचा माथा जांभ्याचा आहे. कोरड्या जांभ्यात जमिनीचा विद्युतसंपर्क फारसा चांगला मिळत नाही, म्हणून जमिनीवर अवलंबून असलेल्या उभ्या अँटेनापेक्षा डायपोल अधिक भरवशाचा ठरतो. तार बांधत असताना खाण्याच्या पिशवीवर एका माणसाने नजर ठेवावी. इथली माकडे कोणत्याही पट्ट्यावर संपर्क साधण्यास तत्पर असतात.

उंचीचा फायदा दोन्ही संचांना सारखाच होतो, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तसे नाही. १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले, की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. ८०० मीटरवर ते सुमारे ११६ किलोमीटर भरते. दादर इथून सरळ रेषेत पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तिथल्या एखाद्या मोकळ्या गच्चीपर्यंत अडीच वॅट पुरून उरतात. पुण्याच्या बाजूला मात्र सह्याद्रीची मुख्य रांग आडवी येते.

एचडब्ल्यू-८ चे गणित वेगळे आहे. ७ मेगाहर्ट्झवर, बुटक्या डायपोलमधून निघालेली लहर बरीचशी सरळ आकाशात जाते आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून आसपासच्या काहीशे किलोमीटरच्या परिघात उतरते. कड्याची उंची इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. उपयोगी पडते ती शांतता. दादरला ज्या खरखरीत दोन वॅटचे मोर्स सापडत नव्हते, ते इथे इयरफोनमध्ये स्वच्छ ऐकू येते, कारण आता स्पर्धेला फक्त वातावरणाची हिस्स उरलेली असते. माझ्या मते जुना संच डोंगरावर आणण्याचे खरे कारण हेच आहे.

याच पट्ट्याशी मुंबईचे एक जुने नाते आहे. १९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेले गुप्त काँग्रेस रेडिओ स्वतःची ओळख ४२.३४ मीटर अशी सांगत असे. ही लहरलांबी म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, अर्थात आज हॅम मंडळी वापरतात त्या ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या आतच. पकडले जाऊ नये म्हणून ते प्रक्षेपण केंद्र शहरात एका घरातून दुसऱ्या घरात हलवले जाई.

(दृश्य: संचाच्या तबकडीवरील बोट. काटा हळूच सरकवला जातो.)

जुन्या संचाची कटकटही सांगितली पाहिजे. एचडब्ल्यू-८ ची वारंवारता तापमानाबरोबर सरकते. उन्हात ठेवलेल्या संचावर वाऱ्याची झुळूक आली, की समोरच्याचा सूर बदलू लागतो. संच सावलीत ठेवून पंधरा-वीस मिनिटे तापू देणे आणि मगच बोलावणे पाठवणे, हाच उपाय आहे. त्याचा ग्राहक (सिग्नल पकडणारा भाग) थेट रूपांतराचा, म्हणजे आलेली लहर एकाच टप्प्यात आवाजात बदलणारा, असल्याने हव्या त्या वारंवारतेच्या वरचे आणि खालचे सिग्नल एकाच वेळी ऐकू येतात, आणि संध्याकाळी शेजारच्या पट्ट्यावरील बलाढ्य प्रसारण केंद्रे थेट ध्वनीच्या भागात घुसतात. एफटी-२९०आर वर वेगळीच अडचण येते. आजचे अनेक रिपीटर (सिग्नल पकडून तो पुन्हा दूरवर पाठवणारी केंद्रे) कानाला न जाणवणारा विशिष्ट कमी वारंवारतेचा सूर मिळाल्याशिवाय उघडत नाहीत, आणि मूळ संचात तो सूर नसतो. शिवाय कड्यावरून मुंबई-ठाण्याचे सगळे मनोरे समोरासमोर दिसतात, त्यामुळे त्यांच्या सिग्नलने ग्राहकाचा पुढचा भाग दडपून जाण्याची शक्यता असते. म्हणून रिपीटरच्या मागे न लागता थेट एकमेकांशी बोलणे बरे.

विजेच्या बाबतीत एक मोह टाळावा. पॉवर बँक हलकी असते, पण तिच्यातला व्होल्टेज बदलणारा स्विचिंग परिपथ आपण शहरात सोडून आलेली खरखर पुन्हा सोबत आणतो. चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी थेट जोडावी. ती पूर्ण चार्ज करताना दाब १४.६ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून संचाच्या पुस्तिकेतली मर्यादा आधी पाहावी आणि वाटेत फ्यूज ठेवावा. निघण्यापूर्वी फुगलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि सेल गळून खाल्लेले संपर्कबिंदू तपासावेत. मुंबईच्या दमट हवेत स्विचेस फार लवकर गंजतात. या किरकोळ वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतात, आणि मोठ्या आकाराचे जुने भाग हाताने बदलता येतात, ही या पिढीच्या संचांची मोठी सोय आहे.

किल्ल्यावर किंवा वनक्षेत्रात जायचे असेल, तर तिथली परवानगी आणि स्वतःच्या परवान्यातील अटी पाहाव्यात, परवान्याची प्रत खिशात ठेवावी आणि तटबंदीला तार बांधू नये. कोपऱ्यात बसून तारेच्या टोकाशी टिकटिक करणारा माणूस पाहून चौकशी होणारच, आणि ती होणे योग्यच आहे.

मार्च-एप्रिलनंतर वळवाच्या ढगांचा कडकडाट ग्राहकात दुरूनच ऐकू येऊ लागतो. तो वाढू लागला, की बोलणे मध्येच तोडावे, तार उतरवावी आणि कडा सोडावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम सर्वांत चांगला. सकाळी ७ मेगाहर्ट्झ, दुपारी १४४, आणि दिवस कलताना १४ मेगाहर्ट्झवर दूरच्या देशांसाठी प्रयत्न, असा क्रम आम्ही ठेवतो. नोंदवहीत वेळ, वारंवारता आणि समोरच्याचे कॉल साइन (परवान्यावरील ओळखखूण) यांच्या जोडीला बॅटरीचा दाब आणि सरकलेली वारंवारता हे दोन रकानेही आम्ही आखून घेतले आहेत, म्हणजे पुढच्या खेपेला संच किती वेळ तापवायचा, याचा अंदाज आधीच बांधता येतो.