पॅनेलिंग ओल झाकते, थांबवत नाही

नमस्कार. दिवाळी जवळ आली की प्रतिक्रियांमध्ये एकच प्रश्न सुरू होतो: टीव्हीमागच्या भिंतीला लाकडी पॅनेलिंग करायचे आहे, तर व्हिनियर घ्यावे की सनमायका? व्हिनियर हा खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा असतो, त्याला पॉलिश लागते आणि तो जपावा लागतो; सनमायका ओल्या फडक्याने पुसला की झाले. स्क्रूसाठी भिंतीत ठोकायच्या गिट्ट्या, पट्ट्यांची चौकट आणि वर प्लायवुड हे काम सुताराला सांगावे लागत नाही. फक्त ८ बाय ४ फुटांच्या प्लायवुडचा सांधा पट्टीच्या मध्यावर यावा, म्हणून उभ्या पट्ट्या २ फुटांवर घ्यायला सांगा.

माझे खरे भांडण ओलीशी आहे. “दर पावसाळ्यात भिंतीचे पोपडे निघतात, म्हणून पॅनेलिंगच करून टाकतो,” असे लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून नको म्हणतो. ठाण्याच्या तळमजल्यावरच्या घरात मी स्वतः हाच पराक्रम केला होता. एप्रिलमध्ये भिंत हाताला कोरडी लागली म्हणून पॅनेलिंग उरकले. गणपतीत पाहुण्यांनी कुबट वासाबद्दल विचारले आणि खालची पट्टी काढली, तेव्हा प्लायवुडची पाठ बुरशीने काळी पडली होती आणि कोपऱ्यातून वाळवीची मातीची नळी वर चढली होती.

म्हणून भिंत उन्हाळ्यात नव्हे, भर पावसाळ्यात तपासा. दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एक-दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दिसले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, “आम्ही मरीन प्लायवुड लावणार आहोत.” मरीन प्लायवुडचा, म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाच्या प्लायवुडचा, डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो की नाही हे तपासलेले असते, हे खरे, पण डिंक टिकल्याने भिंत कोरडी होत नाही आणि मागे धरणारी बुरशीही थांबत नाही.

“मागे पोकळी ठेवली तर?” असेही विचारतात. पोकळी ठेवाच, आणि वर-खाली हवेला वाटही ठेवा, कारण चारही बाजूंनी बंद केलेल्या पोकळीत दमट हवा कोंडून राहते. प्लायवुडच्या पाठीलाही प्रायमरचा हात द्या. एकाच बाजूला पॉलिश केलेला फळा दोन्ही बाजूंनी सारखा दमट होत नाही आणि वाकतो. मात्र हे सगळे हवेतल्या दमटपणासाठी आहे. पलीकडे न्हाणीघर असेल आणि नळ पाझरत असेल, तर आधी प्लंबर, मग सुतार.

दिवाळीच्या आत होईल का, असे विचारणाऱ्यांची भिंत पावसात भिजली असेल, तर माझे उत्तर नाही असेच आहे. गळती बुजवा, भिंत उघडी ठेवा, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा प्लास्टिक लावून पाहा. आतून थेंब आले नाहीत, तर थंडीत सुताराला बोलवा.